संताच्या हाती दिलेला राजदंड

तळेगाव म्हटलं की समोरचा हमखास विचारतो, "दाभाडे की ढमढेरे?" आमचं ढमढेरे. शिक्रापूर, सणसवाडी, कोरेगाव भीमा करत अर्ध्या तासात वढू बुद्रुकला पोचता येतं, आणि तिथं संभाजी महाराजांची समाधी आहे. ११ मार्च १६८९ या तारखेला शाळेच्या पुस्तकात दीड ओळ होती. आमच्या भागात फाल्गुन अमावस्येला माणसं चालत वढूला जातात. म्हणून संभाजी महाराजांच्या गोष्टी मी पुस्तकाआधी आबांकडून, म्हणजे आजोबांकडून ऐकल्या. त्यातली एक गोव्याची होती.

आबा सांगायचे, "फोंड्याला मार खाल्ला, जुव्याला मार खाल्ला, मग इजरई पळत पळत गेला त्यांच्या साधूच्या थडग्याकडं. पेटी उघडली, हातातली काठी मड्याच्या हातात दिली. म्हणला, बाबा, आता तूच बघ!" आम्ही पोरं खो खो हसायचो. शत्रू इतका घाबरला की राज्य मेलेल्या माणसाच्या हवाली करून बसला, याहून मोठा विनोद कुठला?

ही गोष्ट खरी आहे, हे मला इंजिनिअरिंगच्या शेवटच्या वर्षाला कळलं. पां. स. पिसुर्लेकरांचं 'पोर्तुगेज-मराठे संबंध' हे पुणे विद्यापीठाने १९६७ मध्ये छापलेलं पुस्तक वसतिगृहातल्या एका मित्रामुळे हाती आलं. तेव्हापासून हा विजरई डोक्यातून जात नाही. आपल्या ऐतिहासिक कादंबऱ्या, नाटकं, व्याख्यानं आणि आता व्हिडिओ या माणसाला फक्त त्या एका प्रसंगात उभं करतात आणि हसून पुढे जातात. माझं म्हणणं असं की या हसण्यात आपलंच नुकसान झालं आहे.

माणूस कोण होता ते आधी पाहू. फ्रान्सिस्को द ताव्होरा, कोंदि द आल्व्होर. पोर्तुगालमधल्या बड्या सरदार घराण्यातला. विशीतच, १६६९ मध्ये, तो अंगोलाचा गव्हर्नर झाला. तिथे त्याच्या कारकिर्दीत १६७० साली सोयोवर पाठवलेल्या पोर्तुगीज फौजेचा किटोंबोला धुव्वा उडाला आणि पुढच्याच वर्षी पुंगो आन्दोंगोचा डोंगरी गड त्याच्या सेनापतीने घेतला. म्हणजे १६८१ मध्ये विजरई म्हणून गोव्याला आला तेव्हा पराभव आणि जय दोन्ही पाहिलेला माणूस होता. वय चाळिशीच्या आत.

गोव्यात त्याच्यापुढे दोन शेजारी होते, औरंगजेब आणि संभाजी. पोर्तुगीज वरकरणी तटस्थ, पण मोगलांना आपल्या हद्दीतून वाट देत होते. १६८२ मध्ये त्यांनी अंजदीव बेट ताब्यात घेतलं, ज्यावर संभाजी महाराजांचाही डोळा होता. १६८३ च्या पावसाळ्यात मराठ्यांनी चौलला वेढा घातला. चौलवरचा दाब कमी करायला विजरईने ऑक्टोबरअखेर गोव्यातून निघून फोंड्याचा किल्ला वेढला. किल्ल्यात येसाजी कंक आणि त्यांचा मुलगा कृष्णाजी. तोफांनी तट फुटला, तरी किल्ला पडला नाही. खुद्द संभाजी महाराज मदतीला आले आणि नोव्हेंबरच्या पहिल्या पंधरवड्यातच विजरईला माघार घ्यावी लागली. कृष्णाजी कंक या लढाईतल्या जखमांनी गेले.

मग २४ नोव्हेंबरच्या रात्री ओहोटी साधून मराठे जुवे बेटावर उतरले. पोर्तुगीज त्याला सांतु इस्तेव्हांव म्हणतात. तिथून गोवा शहर हाकेच्या अंतरावर. दुसऱ्या दिवशी विजरई स्वतः माणसं घेऊन धावला, हरला, जखमी झाला, जेमतेम जिवानिशी परतला. डिसेंबरमध्ये मराठी फौजा बारदेश आणि साष्टीत शिरल्या. याच संकटात विजरई बॉम जेझूच्या चर्चमध्ये गेला, सेंट फ्रान्सिस झेवियरची शवपेटी उघडवली आणि आपला दंड, नेमणुकीची राजपत्रं आणि स्वतः लिहिलेला एक कागद संताच्या देहापाशी ठेवला. राज्य आता तुमचं, रक्षण तुम्ही करा, असा त्याचा आशय. जानेवारी १६८४ च्या सुरुवातीला शहजादा शाहआलम मोठी मोगल फौज घेऊन घाट उतरला. संभाजी महाराजांना गोवा सोडून मागे फिरावं लागलं. गोवा वाचला.

गोवा कोणी वाचवला, हा प्रश्न इथे येतो. आमच्या कामात प्रॉडक्शनवर काही मोठं कोसळलं की नंतर आरसीए लिहावा लागतो, म्हणजे मूळ कारणाचा अहवाल. त्याचा पहिला नियम असा की आधी घटनाक्रम मांडायचा, कारण नंतर. कारण आधी ठरवलं की प्रत्येक टीम असं कारण शोधते ज्यात ती स्वतः चांगली दिसेल. वर दिलेला घटनाक्रम पाहिला तर शाहआलमचं येणं डोळ्यात भरतं. पण दोन्ही बाजूंच्या लोकप्रिय कथांत शाहआलम जवळजवळ गायब आहे.

चर्चच्या कथेत गोवा वाचवला झेवियरने. ही कथा सांगणारे जेझुइट. झेवियर त्यांच्या संघाचा, त्याचा देह त्यांच्या चर्चमध्ये. त्यांनी ती सांगितली नसती तरच नवल.

आपल्याकडे याच स्वारीतली दुसरी कथा प्रसिद्ध आहे. संभाजी महाराजांनी आवेशात खाडीत घोडा घातला, भरती आली, घोडा पोहणीला लागला आणि खंडो बल्लाळाने पाण्यात उडी घेऊन महाराजांना वाचवलं. ज्याच्या बापाला, बाळाजी आवजीला, याच राजाने मृत्युदंड दिला होता, त्या मुलाने राजाचा जीव राखला. कुठल्याही कादंबरीकाराचे हात शिवशिवावेत असा प्रसंग. पण त्याचा ठळक आधार आहे मल्हार रामराव चिटणीसांची बखर. ती एकोणिसाव्या शतकाच्या सुरुवातीची, म्हणजे घटनेनंतर सव्वाशे वर्षांनी लिहिलेली, आणि लिहिणारा खंडो बल्लाळाच्याच घराण्यातला. म्हणून प्रसंग खोटा ठरतो असं नाही. पण जेझुइटांच्या चमत्कारकथेला आपण जो प्रश्न विचारतो, तोच चिटणिसांच्या कथेलाही विचारायला हवा. एकाच मोसमातल्या, एकाच खाडीकाठच्या या दोन सुटकेच्या कथा. दोन्हींत राखणारा आपला आणि दोन्हींत सांगणाऱ्याचा वाटा. आपण एकीला भाबडेपणा म्हणतो आणि दुसरीला इतिहास.

तिसरा साक्षीदार निकोलाव मनुची. हा व्हेनिसचा माणूस तेव्हा गोव्यातच होता आणि विजरईचा वकील म्हणून संभाजी महाराजांकडे जाऊन आला. तो सांगतो की फोंड्यात मोठा खजिना आहे अशी बातमी संभाजीनेच पेरली आणि विजरई त्याला भुलला. या वकिलीबद्दल विजरईने त्याला सन्मान दिला होता, तरी लिहिताना मनुचीने त्याला शहाणा ठरवलेलं नाही. मात्र त्याच्या सांगण्यात बहुतेक वेळा एकच माणूस शहाणा असतो, तो म्हणजे मनुची.

आता त्या दंडाकडे येऊ. आबांच्या गोष्टीत तो घाबरटपणाचा पुरावा होता. पण सतराव्या शतकातल्या कॅथलिक सेनानीच्या जगात ते कृत्य वेगळं दिसायचं. ८ नोव्हेंबर १६२० रोजी प्रागजवळ व्हाइट माउंटनच्या लढाईत कॅथलिक फौजेने प्रोटेस्टंट बोहेमियाचा पराभव केला. त्या फौजेबरोबर एक कार्मेलाइट साधू मेरीचं चित्र घेऊन फिरत होता आणि विजयाचं श्रेय इतकं उघडपणे तिला दिलं गेलं की रोममधल्या एका चर्चचं नावच 'विजयाची संत मेरी' असं झालं. तिथला सेनापती टिली आपल्या भक्तीसाठी प्रसिद्ध होता. त्याचं हृदय बव्हेरियातल्या आल्टोटिंगच्या मेरीच्या देवळात ठेवलं आहे. फोंड्याच्या वेढ्याच्या दीडेक महिना आधी, १२ सप्टेंबर १६८३ ला, पोलंडचा राजा सोबिएस्की व्हिएन्नाचा वेढा फोडून पोपला कळवत होता की जिंकला तो देव.

पोर्तुगालमध्ये तर याला राजकीय परंपराच होती. १६४६ मध्ये राजा चौथ्या जुआंवने मेरीला राज्याची संरक्षक म्हणून जाहीर केलं आणि त्यानंतर पोर्तुगालच्या राजांनी डोक्यावर मुकुट घातला नाही. १६६८ मध्ये संत अँथनीची पायदळात रीतसर शिपाई म्हणून भरती झाली आणि पुढे त्याला बढतीही मिळाली. अशा राज्याचा विजरई संताच्या हाती दंड देतो तेव्हा तो आपल्या व्यवस्थेतली शेवटची अधिकृत तरतूद वापरतो. आपल्या भाषेत सांगायचं तर तिकीट त्याने सर्वांत वरच्या माणसाला असाइन केलं.

आणि हे आपल्यालाही परकं नाही. शिवाजी महाराजांनी राज्य रामदासांच्या झोळीत टाकल्याची आख्यायिका आपण लहानपणी भक्तिभावाने ऐकली. ती ऐतिहासिक नाही असं इतिहासकार सांगतात, तरी तिला कोणी हसत नाही. त्रावणकोरच्या मार्तंड वर्म्याने कुळच्चलला डचांना हरवल्यानंतर काही वर्षांनी, १७५० मध्ये, राज्य पद्मनाभस्वामीला अर्पण केलं आणि देवाचा दास म्हणून कारभार केला. त्याला आपण मुत्सद्दी म्हणतो. देव बदलला की कृत्याचं नावही बदलतं.

मात्र सहानुभूतीचा हा रस्ता मला तिथेच थांबवायचा नाही, कारण या माणसाचं खरं काम त्यानंतर सुरू होतं. दंड ठेवून तो चर्चमध्ये बसून राहिला नाही. औरंगजेबाचा बंडखोर मुलगा अकबर आणि कवी कलश यांच्या मध्यस्थीने त्याने संभाजी महाराजांशी बोलणी चालवली. १६८४ मध्येच त्याने राजधानी मुरगावला हलवायचं ठरवलं, कारण ते ठिकाण लढवायला सोपं होतं. ज्या शहराचं रक्षण संतावर सोपवलं होतं, ते शहरच तो सोडायला निघाला होता. मुरगावला कामही सुरू झालं, पण बेत तडीला गेला नाही.

आणि २७ जून १६८४ रोजी त्याने एक आदेश काढला. गोव्यातल्या लोकांनी तीन वर्षांत आपली बोली सोडून पोर्तुगीज बोलायला लागावं. कोंकणी बंद.

मी पहिल्यांदा ही तारीख वाचली तेव्हा आधीच्या तारखा पुन्हा तपासल्या. नोव्हेंबरात जुवे, जानेवारीत माघार, जूनमध्ये हा आदेश. भाषा मोडण्याची इच्छा गोव्याच्या सत्तेत आधीही होती. हा आदेश म्हणजे केवळ एका पराभवाचा सूड, असं मी म्हणणार नाही. पण ज्या सेनानीला आपली माणसं आतून आपली आहेत की नाहीत ही धास्ती बसली, ज्याच्या साष्टी-बारदेशातली प्रजा समोरच्या फौजेची भाषा समजत होती, त्याने सहा महिन्यांनी प्रजेच्या तोंडातली भाषा बदलायचं ठरवलं. या दोन गोष्टी शेजारी ठेवल्याशिवाय तो माणूस कळत नाही.

हाच गोवा एके काळी वेगळा होता. झेवियरच्याच संघातल्या थॉमस स्टीफन्स या इंग्रज पाद्रीचं 'क्रिस्तपुराण' १६१६ मध्ये राशोलला छापलं गेलं, मराठी ओव्यांत आणि रोमन लिपीत. १६४९ आणि १६५४ मध्ये ते पुन्हा छापलं गेलं. संत समजावून सांगायला इथली भाषा लागते हे त्या पिढीला ठाऊक होतं. आल्व्होरच्या आदेशाने लोक बोलायचे थांबले नाहीत; लोकांची भाषा अशी कागदाने थांबत नाही. पण लिहिती भाषा वेगळी असते. गोव्यातला छापखाना या आदेशाआधीच थंडावला होता, तो पुन्हा सुरू झाला १८२१ मध्ये.

म्हणून माझी तक्रार आपल्या कथनपरंपरेशी आहे. 'छावा' (१९७९) आणि 'संभाजी' (२००५) या कादंबऱ्यांनी, कानेटकरांच्या नाटकांनी संभाजी महाराजांना बखरीतल्या बदनामीतून बाहेर काढून सामान्य वाचकाच्या घरात आणलं, हे ऋण मी मानतो. त्यामागे वा. सी. बेंद्र्यांची चिकाटी आणि कमल गोखल्यांचा अभ्यास आहे. वढूची समाधी उजेडात आणण्याचं श्रेयही बेंद्र्यांचंच. पण या चरित्राचा शेवट इतका भयंकर आहे की प्रत्येक कथन त्या दिशेने ओढलं जातं. मधले शत्रू वाटेवरचे दगड होतात. गोव्याचा विजरई तर विनोदी पात्रच. आणि शत्रू विनोदी झाला की त्याच्याशी लढणाराही लहान होतो, हे आपल्या लक्षात येत नाही. जो माणूस आधीच थडग्यापुढे रडतोय, त्याला हरवण्यात काय मोठेपणा?

पिसुर्लेकरांच्या पुस्तकात अशी ओढ नाही. वाचायला ते सोपं नाही. पत्रामागून पत्र, कौन्सिलच्या बैठका, तहाची कलमं. लेखक मध्ये येऊन भावना सांगत नाही. गोव्याच्या दफ्तरखान्यात आयुष्य घालवलेला हा सत्तरीतल्या पिसुर्ल्याचा माणूस पोर्तुगीज कागद मराठीत मांडतो, आणि त्या कागदांत मराठी फौजेने साष्टी-बारदेशात केलेली लूट आणि चर्चची नासधूसही येते. तो ती लपवत नाही, त्यावर पांघरूणही घालत नाही. त्याचा दोष एकच, की कागद जिथे संपतो तिथे तोही थांबतो. विजरई पेटीपाशी उभा राहून काय विचार करत होता, हे तो सांगणार नाही. ते काम कादंबरीकाराचं होतं. ते अजून कोणी केलेलं नाही, असं मला वाटतं.

डिसेंबर २०२४ मध्ये मी जुन्या गोव्याला गेलो. दहा वर्षांनी झेवियरचा देह दर्शनासाठी से कॅथेड्रलमध्ये आणला होता. ऑफिसातला एक मित्र बारदेशचा, कॅथलिक. त्याच्या घरच्यांबरोबर रांगेत उभा राहिलो. मी सहज विजरईची गोष्ट काढली. तो म्हणाला, "आमच्याकडे सांगतात, संभाजी आला तेव्हा गोंयचो सायब उभा राहिला. माझी आजी तर संभाजीचं नाव भीती दाखवायला घ्यायची." मी म्हणालो, "आमच्याकडे त्याच्या समाधीला चालत जातात." तो थोडा वेळ गप्प राहिला आणि म्हणाला, "म्हणजे तू आणि मी लहानपणी एकच गोष्ट ऐकली. फक्त हसणारे आणि घाबरणारे वेगळे."

रांग पुढे सरकत होती. त्याची आई हातातल्या छोट्या पुस्तकातून प्रार्थना म्हणत होती. मी वाकून पाहिलं. लिपी रोमन, भाषा कोंकणी. देवनागरीतली कोंकणी तिला वाचता येत नाही, आणि तिचं रोमन अक्षर मला अडखळत वाचावं लागलं. पण तिने मोठ्याने म्हटलं तेव्हा निम्म्याहून अधिक शब्द मला कळले.

काचेच्या पेटीजवळ जेमतेम काही सेकंद मिळतात. मी दंड कुठे ठेवला असेल ते बघत होतो. पुढच्या काळात गोव्याचा नवा गव्हर्नर झेवियरच्या समाधीपाशी जाऊन संताकडूनच दंड घेत असे. आल्व्होरच्या त्या एका घाबऱ्या दिवसाचा पुढे रिवाज झाला. तो स्वतः १६८६ मध्ये पोर्तुगालला परतला आणि पुढे लिस्बनच्या सागरपार कौन्सिलचा अध्यक्ष झाला. आबांच्या गोष्टीत तो कायमचा थडग्यापाशीच राहिला होता.

आबा आता नाहीत. असते तर त्यांना सांगितलं असतं की काठी संताच्या हातात देणारा माणूस खरा होता, पण त्याने सगळं सोपवलं नव्हतं. जो कागद पेटीत ठेवला त्याने कोणाचं काही बिघडलं नाही. जो बाहेर काढला, तो मात्र त्याने स्वतःच्या सहीने काढला. या गोष्टीला ते हसले नसते बहुतेक. पण ऐकून घेतली असती, आणि मग विचारलं असतं, "मग ती बाई अजून त्याच भाषेत देवाशी बोलती का?"

हो आबा, बोलते.